चौकोनातली गावकी

मीटिंग संपल्यावर मीटिंग घेणाऱ्याकडे काय उरतं? निर्णय लोक घेऊन जातात, चहाचे कप घरोघरी विसळले जातात, आणि होस्टच्या वाट्याला येतात ते किस्से. शिंप्याकडे चिंध्या साठतात ना, तसे. टाकवत नाहीत, आणि घरी कुणी आलं की पिशवी उलटी केल्याशिवाय राहवतही नाही!

माझी पिशवी गावकीच्या मीटिंगांनी भरली आहे.

आधी थोडं मागचं सांगते. आमचं गाव खाडीकाठचं. आता तिथे विमानाची धावपट्टी आहे. गाव उठलं तेव्हा मी नेदरलँड्समध्ये शिकत होते. लोकांनी एकत्र बसून निर्णय कसे घ्यावेत, हाच माझा विषय. तिकडे वर्गात मी ‘आमची गावकी’ या विषयावर तावातावाने बोलत होते, आणि इकडे तीच गावकी ट्रकांत सामान भरून दोन दिशांना निघाली होती. निम्मी घरं उलव्याला, निम्मी करंजाड्याला. शिक्षण संपवून परतले ती एकच गोष्ट डोक्यात घेऊन : गाव उठलं तर उठलं, गावकी मोडता कामा नये.

ती मोडायच्या बेतात होती. गावदेवीचं नवं देऊळ झालं उलव्याच्या बाजूला. करंजाड्याचे म्हणाले, “मग जत्रेला आम्ही काय पाहुण्यासारखे येणार? आम्ही आमची वेगळी जत्रा करतो.” दोन जत्रा म्हणजे दोन गावं, हे दोन्हीकडच्यांना कळत होतं. यावर एकत्र बसायला हवं, हेही कळत होतं. पण बसायचं कुणाच्या हॉलमध्ये? त्यावरच सगळं अडलेलं.

मी म्हटलं, “कुणाच्याच नको. ऑनलाइन बसू या. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी.”

बाबा म्हणाले, “बाय, ही माणसं समोरासमोर एकमेकांचं ऐकत नाहीत. फोनवर ऐकणार?”

“बाबा, फोनवर निदान आवाज कमी करता येतो!”

*

पहिल्या मीटिंगला पन्नास-साठ चौकोन जमले. मला भरून आलं. मी स्लाइड बनवल्या होत्या, नियम, वेळ, सगळं. “नमस्कार मंडळी” एवढंच म्हटलं आणि एका चौकोनातून आवाज आला, “थांब बाय. नारल?”

हे हसुराम नाना. उलव्याकडचे सगळ्यांत वडीलधारे. एके काळी भातशेती, आता चार मजली बिल्डिंगचे मालक. आमची गावकी नारळ वाढवल्याशिवाय सुरू होत नाही, आणि तेच माझ्या स्लाइडवर नव्हतं.

“बरोबर आहे नाना. तुम्ही वाढवा तुमच्याकडे.”

“हरकत आहे,” दुसऱ्या चौकोनातून आवाज. हे कमलाकर तात्या, करंजाड्याचे पुढारी. उभी हयात बेलापूरच्या सरकारी ऑफिसात गेली, त्यामुळे दूध संपलं तरी ‘दूध संपल्याचे निदर्शनास आले’ असं म्हणणार. “उलव्यात वाढवलेला नारळ करंजाड्यास लागू होत नाही.”

मी शिकलेलं सगळं पणाला लावलं आणि तोडगा काढला. प्रत्येकाने आपापल्या घरी नारळ वाढवायचा. एकाच वेळी. मी ‘तीन’ म्हटलं की.

सगळे स्वयंपाकघराकडे पळाले. पडद्यावर नुसते पंखे आणि छतं. मग एकेक जण नारळ घेऊन हजर. “एक, दोन, तीन!”

आणि अजिबात आवाज नाही! मीटिंगचं अ‍ॅप असले धाडधाड आवाज गोंगाट समजून गाळून टाकतं. साठ घरांतले साठ नारळ निःशब्द फुटले. करंजाड्याच्या भालूदादाने तर फोनच्या इतक्या जवळ फोडला की त्याच्या चौकोनात पाणी शिरलं.

नाना म्हणाले, “बाय, आवाज नाय आयला. फुटला का नाय त्याचा पुरावा काय?”

मग सगळ्या गावाने कॅमेऱ्यासमोर दोन-दोन वाट्या धरून दाखवल्या. त्या आठवड्यात दोन्ही गावठाणांत ज्याच्या घरी जावं तिथे नारळाच्या वड्या!

*

जुन्या गावात देवळाच्या पारावर ज्याची त्याची जागा ठरलेली होती. कोण खांबाला टेकणार, कोण पायरीवर. पडद्यावर कसली ठरलेली जागा? कोणाचा चौकोन वर, कोणाचा खाली, यावरून गावकी फुटणार, अशी मला धास्ती होती.

दुसरी मीटिंग संपली आणि नानांचा फोन आला. “बाय, मान ठेवलास. मना पयल्या जागी बसवलंस.”

मी काही बोलायच्या आत तात्यांचा. “पहिला चौकोन करंजाड्यास दिलास, योग्य केलंस. उलव्याने विरोध केला नाही, हे विशेष.”

मग भालूदादाचा. मग आणखी दोघांचा. प्रत्येक जण खूश! प्रत्येकाला आपल्या फोनमध्ये स्वतःचाच चौकोन वर दिसत होता. मी सगळ्यांना “हो, हो” म्हटलं आणि गप्प बसले.

हे फुटलं एका साखरपुड्यात. त्या शेवटच्या दोघांनी आपापल्या फोनमधले मीटिंगचे फोटो एकमेकांना दाखवले आणि पंगतीतून उठून थेट माझ्याकडे आले. “ए बाय, ह्याच्या फोनात हा पहिला, माझ्या फोनात मी पहिला. ही काय भानगड?”

पुढच्या मीटिंगमध्ये मला खुलासा करावा लागला. म्हटलं, मंडळी, यात प्रत्येकाला आपणच पहिले दिसतो. मी काहीच केलेलं नाही.

नाना जरा विचार करून म्हणाले, “मंजी पारावर होता तसाच.”

*

गावकीत लग्न होऊन गेलेल्या मुली बसत नाहीत. तशी रीतच. ती मला मुळीच पटत नाही, आणि त्यावर एक खणखणीत भाषण मी तयार ठेवलं होतं. द्यायची वेळच आली नाही.

माझी सुगंधा आत्या मोरा गावात दिलेली. बंदरावर मासळी विकते. एका रविवारी पडद्यावर तिचा चौकोन उगवला. मागे होड्या, वारा, कावळे, आणि पुढे सुपाएवढी हसरी आत्या.

तात्यांनी लगेच हरकत घेतली. “माहेरवाशिणीला गावकीत बसता येत नाही. तशी प्रथा नाही.”

आत्या म्हणाली, “कमलाकर, मी कुटं गावकीत बसलेय? मी माज्या वट्यावर बसलेय. तुमीच सगले माज्या फोनात आयलाव!”

तात्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मुद्दा बिनतोड होता. त्या दिवसापासून आत्या कायमची. तिच्यामागून आणखी सासुरवाशिणी आल्या, सगळ्या आपापल्या घरात बसून. माझं भाषण अजून तसंच पडून आहे.

*

मीटिंग संपवायची म्हणजे काय, हेही मला शिकावं लागलं. पहिल्या खेपेस मी सरळ ‘सगळ्यांसाठी बंद’चं लाल बटण दाबलं. तासाभरात एकाच तक्रारीचे फोन : “आम्हाला हाकललंस?”

गावकीतून उठताना प्रत्येक जण सगळ्यांत मोठ्या माणसाला “येतो” म्हणतो, आणि तो “ये” म्हणतो. त्याशिवाय जाता येत नाही. आता साठ चौकोनांचे साठ “येतो” आणि नानांचे साठ “ये” होईस्तोवर मी बसून राहते. कधी कधी मीटिंगपेक्षा हेच लांबतं. मधेच कुणाला काहीतरी आठवतं. “येतो नाना. आनि हां, ती ताडपत्री कोनाकडे हाय?” की पुन्हा सगळे परत.

फक्त तात्या “येतो” म्हणत नाहीत. या गडबडीत ते हळूच नाहीसे होतात. कारण नाना आणि तात्यांचा अबोला. भांडण जत्रेचं नाही, त्याच्या आधीचं आहे. गाव खाली करायला लागले तेव्हा पहिला ट्रक तात्यांचा निघाला, नानांच्या दारावरूनच. तात्या काही न बोलता गेले. नाना आजही सांगतात, “शेजारी जल्मलेला मानूस. गाव सोरून चालला, आनि येतो पन नाय बोल्ला!”

तात्यांचं म्हणणं, ट्रकवाला घाई करत होता.

*

हा अबोला किती पक्का आहे, ते मला फार उशिरा कळलं.

मोठ्या सभेत सगळे बोलत नाहीत. छोट्या गटांत बोलतात, असं आम्हाला शिकवलं होतं. अ‍ॅपमध्ये त्यासाठी सोय असते. एक बटण दाबलं की माणसं आपोआप छोट्या छोट्या खोल्यांत वाटली जातात. मी मोठ्या उत्साहाने दाबलं. विषय दिला : ‘जत्रा म्हणजे आपल्याला काय वाटतं?’

मी एकेका खोलीत डोकावत होते. एकीत पालखीच्या आठवणी चालल्या होत्या, एकीत आत्या पापलेटचा भाव सांगत होती. शेवटच्या खोलीत गेले तर दोनच चौकोन. नाना आणि तात्या! बाकीच्यांना ती खोली उघडताच आली नव्हती.

दोघंही कॅमेऱ्याकडे बघत ताठ बसलेले. हूं नाही की चूं नाही. नाना मिशीवरून हात फिरवत होते, तात्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. मी पाय न वाजवता बाहेर आले. म्हणजे, बटण दाबून.

वेळ संपली, सगळे परत आले. प्रत्येक गटाने काय चर्चा झाली ते सांगायचं होतं. या गटाची पाळी आली तेव्हा तात्या म्हणाले, “चर्चा खेळीमेळीत पार पडली.”

नाना दुसरीकडे बघत म्हणाले, “मना पन तसाच वाटला.”

*

नाना स्वतः फोन धरत नाहीत. फोन धरून बसणं त्यांना शोभत नाही. फोन धरतात शिंदे. शिंदे नानांच्या बिल्डिंगमधले भाडेकरू, मूळचे साताऱ्याकडचे, बाजार समितीत माथाडी. रविवारी त्यांना सुट्टी. नानांच्या चौकोनात कोपऱ्यात त्यांचा अंगठा कायम दिसतो, आणि नाना फार वेळ बोलले की चौकोन हळूहळू खाली उतरायला लागतो. मग नाना म्हणतात, “शिंदे, वर.”

एकदा मतदान होतं. हळदीतला डीजे दहाला बंद करायचा की नाही? आमच्याकडे हा जत्रेइतकाच नाजूक विषय. मी हात वर केलेले चौकोन मोजले. बरोबर निम्मे-निम्मे.

तात्या म्हणाले, “एका चौकोनात दोन हात दिसत आहेत.” नाव घ्यायचं नाही म्हणून ‘एका’.

नाना म्हणाले, “एक माजा हाय.”

“आणि दुसरा?”

फोन गोल फिरला. शिंद्यांचा ओशाळा चेहरा. “माजा हाय सायेब. चुकून गेला वर. त्या डीजेनं आमची बारकी झोपत न्हाय वो.”

झाला गोंधळ! शिंदे गावकीतले आहेत की नाहीत? आत्या म्हणाली, “तो हरेक बैठकीला असतो. तुमच्यातले निम्मे तोंड दाखवाला पन येत नाय.” हे खोटं नव्हतं. शेवटी तात्यांनी निवाडा केला : भाडेकरूचं मत अर्धं धरावं.

त्या दिवशी डीजे अर्ध्या मताने पडला. हळद आता दहाला संपते. शिंद्यांची बारकी झोपते.

*

तात्यांचा आग्रह होता की मीटिंग रेकॉर्ड व्हावी. “लोक बोलतात आणि नंतर नाकारतात,” असं म्हणून त्यांनी कुणाकडेच बघितलं नाही, पण सगळ्यांना कळलं. मी बटण दाबलं. एका बाईने इंग्रजीत जाहीर केलं की रेकॉर्डिंग सुरू झालं आहे.

सगळं गाव सावरून बसलं.

“ही कोन बोल्ली?” नानांनी विचारलं. “कोनाची सून?”

“नाना, ते मशीन आहे.”

तोवर भालूदादा शर्ट घालायला गेला होता. एकाने मागचं वाळत घातलेलं ओढून काढलं. आणि मग जी काही भाषा सुरू झाली! एरवी “तुझ्या आजाने पण असंच केलेलं” असं म्हणणारा माणूस म्हणाला, “मी माझ्या बांधवाच्या भावनांचा आदर करतो.” बांधव घाबरलाच. पुढे कुणी काही बोलेचना. गावकीच्या इतिहासातली सगळ्यांत सभ्य आणि सगळ्यांत निरुपयोगी बैठक.

शेवटी नाना म्हणाले, “बाय, बंद कर ता. गावकीतला बोलना गावकीत रवाला पायजे. आनि त्या बाईला परत बोलावलंस तर मी फोन उचलनार नाय.”

ठराव झाला : रेकॉर्डिंग नाही. कधीच नाही. तात्यांनी विरोध नोंदवला.

*

आता भालूदादाची लिफ्ट.

गावकीतून एखादा रागावून उठला तर काम जागच्या जागी थांबतं. ज्याच्या बोलण्यावरून तो उठला, त्याने जोडीला एक जण घेऊन त्याच्या घरी जायचं आणि समजूत काढून त्याला परत आणायचं. तोवर सगळे बसून. मला ही रीत फार सुंदर वाटते. जगात कुठल्या संसदेत आहे सांगा!

तर एका मीटिंगमध्ये देवळाच्या कर्ण्याबद्दल बोलणं चाललेलं असताना भालूदादाचा चौकोन गेला.

नाना म्हणाले, “भालू उठला. कोन काय बोल्ला त्येला?”

“नाना, नेटवर्क गेलं असेल,” मी म्हटलं. पण कुणी ऐकायला तयार नाही. प्रत्येक जण मनात शोधायला लागला. एक म्हणाला, “मगाशी तो बोलताना मी हसलो. मुद्दाम नाय हसलो.” दुसरा म्हणाला, “मी त्याला परवा स्टेशनवर ओळख दिली नाही.” तिसरा खाली मान घालून म्हणाला, “त्याच्या बांधावरचा आंबा मी उतरवलेला. गाव होता तवा.”

पहिले दोघं स्कूटरवरून निघाले. बाकी गाव पडद्यावर बसून.

भालूदादा दुधाच्या पिशव्या घेऊन आपल्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये अडकला होता. सुटून दारात येतो तर दोघं हात जोडून उभे! नंतर मला सांगत होता, “बाय, मी बोलनारच होतो का लिफ्ट बंद परलेली. पन इतक्या मायेनं माफी मागत होते... मना वाटला, जरा रागवून बघू.”

तेवढ्यात त्या दोघांनी त्याला आंब्याचं सांगितलं. मग तो खरोखरच रागावला! त्यात पुढची एक मीटिंग गेली.

यावर तात्यांनी ठराव लिहिला : ‘चौकोन दिसेनासा झाल्यास नेटवर्क गेले असे समजण्यात यावे. कामकाज थांबू नये.’ सगळ्यांनी हात वर केले. नानांनीसुद्धा.

*

आणि मग जत्रेची मीटिंग आली.

त्या रविवारी निकाल लागायचा होता. एक जत्रा की दोन. मी दोन दिवस नीट जेवले नव्हते. ज्यासाठी परत आले ते टिकणार की जाणार, याचा फैसला माझ्याच लॅपटॉपवर व्हायचा होता.

तात्यांनी मुद्दे वाचले. करंजाड्याला स्वतंत्र देऊळ, स्वतंत्र पालखी, स्वतंत्र जत्रा. “ज्यांना उलव्यात जायचं त्यांनी जावं. आता ते गाव वेगळं, आमचं वेगळं,” असं ते म्हणाले मात्र, साठ चौकोन एकदम पेटले. कुणाचं कुणाला ऐकू येईना. मी ‘सगळ्यांना म्यूट’ केलं. करावंच लागलं.

शांतता झाली. साठ माणसं आवाजाविना हातवारे करत होती. नाना उभे राहून काहीतरी बोलत होते, खांद्यावरचा पंचा झटकत होते. आणि त्यांचा चौकोन गेला.

मी हात वर करणाऱ्यांचे आवाज एकेक करून सोडले. “नानांची रेंज गेली,” भालूदादा म्हणाला. त्याला आता या विषयात अधिकार होता.

“ठरावाप्रमाणे कामकाज पुढे चालू,” तात्या म्हणाले.

मी नानांना फोन लावला. लागेना. शिंद्यांना लावला, लागेना. इकडे नानांवाचून उलव्याचे गप्प झालेले. तात्या म्हणाले, “मतदान घ्या.” मी उगाच स्लाइड मागेपुढे करत राहिले. आत्या म्हणाली, “थांब गो, थांब. माजं गिऱ्हाईक हाय,” आणि तिने एका सुरमईचा सौदा इतका लांबवला की शेवटी ते गिऱ्हाईकच कंटाळून गेलं.

तेवढ्यात चौकोन परत आला. आधी शिंद्यांचा अंगठा, मग नाना. लालबुंद.

“कोन येनार हाय का नाय?”

“नाना! रेंज गेलेली का?”

“रेंज नाय गेली! मी रागावून गेलो! कवाचा बसलोय. च्या पन ठेवलाय. कोनीच येत नाय!”

मग सगळे चौकोन तात्यांकडे बघायला लागले. म्हणजे तसं दिसत नाही पडद्यावर, पण कळतं.

“ठरावानुसार...” तात्यांनी सुरुवात केली.

“कमलाकर,” आत्या म्हणाली, “उठ.”

“सुगंधा, आमचा अबोला आहे.”

“बोलाला कोन सांगतंय? नुसता जा!”

तात्यांची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. चौकोनात नुसती खुर्ची. जोडीला भालूदादा गेला. इतक्यात तात्यांच्या सुमनकाकी त्या खुर्चीवर येऊन बसल्या. “तवर मी बसते,” म्हणाल्या. “आनि खरं सांगू? मला वेगळी जत्रा नको. माझ्या सगळ्या मैत्रिनी उलव्यात हायेत.”

करंजाड्याहून उलवं म्हणजे काही जवळ नाही. कुणीही मीटिंग सोडली नाही. कुणी भाजी निवडली, कुणी जेवून घेतलं. शिंद्यांनी फोन दाराकडे धरून ठेवला होता. गाव एका बंद दाराकडे बघत बसलं होतं.

दार उघडलं. हेल्मेट काखेत धरून तात्या आत आले, मागून भालूदादा. तात्या सोफ्याच्या एका टोकाला बसले, नाना दुसऱ्या. शिंद्यांनी चहाचे कप आणून ठेवले, आणि फोन पुन्हा हातात घेतला.

तात्या फोनकडे बघून म्हणाले, “बाय, नानांना सांग, मी आलो आहे.”

मी लॅपटॉपवरून सांगितलं, “नाना, तात्या आलेत.”

“त्येला बोल, च्या घे.”

“तात्या, चहा घ्या.”

अशी चर्चा! एका सोफ्यावर दोघं, आणि निरोप माझ्यामार्फत. मी इतकं शिकले, पण इतकं महत्त्वाचं काम मला कधी कुणी दिलं नव्हतं.

“त्येला बोल, देवी कोना एकाची नाय. पालखी करंजाड्याला येल. येक रात तिकडं रवेल. मग परत.”

मी सांगितलं. तात्यांनी कप खाली ठेवला.

“नानांना विचार, जत्रा मग एकच?”

“नाना, जत्रा एकच?”

“येकच. दोन कशाला पायजेत?”

“मान्य आहे म्हणून सांग,” तात्या म्हणाले.

मी सगळ्यांचे आवाज सोडले. साठ घरांतून काय कल्ला झाला! आत्याच्या मागे कुणीतरी होडीचा भोंगा वाजवला. सुमनकाकी पदराने डोळे पुसत होत्या. बाबा माझ्या मागे कधी येऊन उभे राहिले, मला कळलंच नाही.

नानांच्या चौकोनात तात्या उठले. हेल्मेट घातलं, पट्टा लावला. दारापर्यंत गेले. तिथे थांबले. हेल्मेट पुन्हा काढलं.

“नाना,” ते म्हणाले. “येतो.”

सगळा कल्ला एकाएकी थांबला.

नानांनी शिंद्यांच्या हातातून फोन घेतला. स्वतःच्या हातात, पहिल्यांदाच. चौकोनभर फक्त मिशी आणि डोळे.

“बाय,” अगदी हळू आवाजात म्हणाले, “यो रेकॉर्ड झाला का?”